मे महिन्यात पाहिलेले चेन्नई

वाचक-पत्राचा सारांश : पत्रलेखिका २९ वर्षांच्या, मूळच्या सांगलीकडच्या. सहा वर्षे पुण्यात नोकरी केल्यावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने त्यांची बदली चेन्नईला केली. कचेरी ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आहे आणि जवळच एका वृद्ध बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या भाड्याने राहतात. अंगाची काहिली करणारा उकाडा, नळाचे खारट पाणी, ‘हिंदी तेरियादु’ म्हणून मान फिरवणारे दुकानदार आणि रिक्षावाले, डब्याच्या वेळी तमिळमध्ये शिरणारे सहकारी आणि रोज संध्याकाळी जिन्यात उभ्या राहून ‘जेवलीस का’ विचारणाऱ्या घरमालकीणबाई, या सगळ्याने त्या त्रासल्या आहेत. जुलै उलटत आला तरी मनासारखा पाऊस नाही. रात्री रडू येते. पुण्यातल्या जुन्या विभागात एक जागा रिकामी झाली असून ऑगस्टअखेर उत्तर द्यायचे आहे. आई म्हणते, परत ये. त्यांचा प्रश्न असा : ‘पहिला ठसाच इतका वाईट असेल, तर पुढे काय बदलणार? आणि परत गेले, तर मी हरले असे होईल का?’

उत्तर :

तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती समुद्राविषयीच्या चार ओळींपाशी. मन हलके व्हावे म्हणून तुम्ही एका संध्याकाळी मरीनावर गेलात, पाण्यापर्यंत पोहोचायला वाळूतून कितीतरी चालावे लागले, आणि सूर्य समुद्रात न बुडता तुमच्या पाठीमागे इमारतींआड मावळला, तेव्हा तुम्हाला रडू आवरेना. १९९४ साली लग्नानंतर मी मद्रासला राहायला गेले, तेव्हा माझेही नेमके हेच झाले होते. (शहराचे नाव चेन्नई झाले ते १९९६ मध्ये, मी तिथे पाच वर्षे होते, त्यामुळे माझ्या तोंडी अजूनही दोन्ही नावे येतात.) माझे आजोळ कोकणातले. समुद्र म्हणजे तिन्हीसांज, समुद्र म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी ओली घट्ट वाळू, असे माझ्या मनात लहानपणापासून ठरून गेलेले होते. पूर्व किनाऱ्यावर यातले काहीच लागू पडत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो आणि सूर्य समुद्रातून वर येतो. त्या समुद्राची वेळ पहाटेची आहे. एका रविवारी साडेपाचला बेझंट नगरच्या एलियट्स बीचवर जाऊन पाहा. क्षितिजावर लाली चढत असताना तिथे फिरायला आलेल्या आजीआजोबांची, पळणाऱ्या मुलांची इतकी वर्दळ असते की एकट्या आलेल्या बाईला अवघडल्यासारखे होत नाही.

मरीनाच्या त्या रुंद वाळूचीही एक गोष्ट आहे. ती वाळू पूर्वी एवढी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेला बंदराच्या भिंती समुद्रात उभ्या राहिल्या. किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाणारी वाळू त्या भिंतींशी अडली आणि दक्षिणेच्या बाजूला साठत गेली. त्याच कारणाने बंदराच्या पलीकडचा, रोयापुरमकडचा किनारा मात्र झिजत राहिला. तुम्हाला जे वाळवंटासारखे ओसाड वाटले, ते माणसाने केलेल्या एका कामाचे दीडशे वर्षांत साचलेले फळ आहे. एक सूचना मात्र आवर्जून करते : त्या पाण्यात पोहायला किंवा खेळायला उतरू नका. तिथल्या पाण्याची ओढ फसवी आहे आणि दर वर्षी तीत माणसे जातात.

समुद्राबद्दल मी इतके लिहिले, कारण तुमच्या बाकीच्या तक्रारींतही मला हेच दिसते आहे. तुम्ही एक शहर एका विशिष्ट ऋतूत, एका विशिष्ट रस्त्यावरून आणि एका विशिष्ट मनःस्थितीत पाहिले आहे, आणि जे दिसले त्यालाच शहराचा स्वभाव मानले आहे.

ऋतूचेच पाहा. तुम्ही पोहोचलात तो मेचा पहिला आठवडा. तमिळ पंचांगात ४ मेच्या सुमारास ‘अग्नि नक्षत्रम्’ सुरू होते आणि ते जवळजवळ महिनाअखेरपर्यंत चालते. रोजच्या बोलण्यात त्याला कत्तिरी म्हणतात. त्या दिवसांत जन्माने चेन्नईकर असलेली माणसेसुद्धा दुपारी घराबाहेर पडायचे टाळतात. मग जून आला आणि तुम्ही पावसाची वाट पाहू लागलात, कारण आपल्या अंगात मृगाचे वेळापत्रक मुरलेले असते. पण नैर्ऋत्येचा तो पाऊस पश्चिम घाटावर बहुतेक रिता होतो आणि चेन्नईच्या वाट्याला जुलै-ऑगस्टात संध्याकाळच्या तुरळक सरी येतात. शहराचा खरा पाऊस ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून, ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो आणि वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस तेव्हाच पडतो. तुमच्या आठवणीतला कोरड्या हवेचा, आकाशकंदिलांचा दिवाळीचा आठवडा तिथे ढगांखाली जाईल. ही अदलाबदल मनाला सोपी नाही. मला तिची सवय व्हायला दोन वर्षे लागली. परंतु त्याच दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी तेल लावून अभ्यंगस्नान होते, आणि लोक एकमेकांना ‘गंगा स्नानम् आच्चा?’, म्हणजे ‘गंगास्नान झाले का?’, असे विचारतात. त्या पहाटे तुमच्या घरमालकीणबाईंच्या घरात आणि तुमच्या सांगलीच्या घरात जवळजवळ एकच गोष्ट चाललेली असेल.

आता भाषेकडे येते, कारण तुमच्या दुखण्याचे मूळ मला तिथे अधिक दिसते. ‘हिंदी येत असूनही मुद्दाम बोलत नाहीत,’ असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. हे गृहीतक जरा तपासून पाहू या. तमिळनाडूच्या सरकारी शाळांमध्ये १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा शिकवल्या जातात. त्याआधी, १९३७ ते १९४० या काळात आणि पुन्हा १९६५ मध्ये, हिंदीच्या सक्तीविरुद्ध तिथे मोठी आंदोलने झाली आणि त्यांत लोकांचे प्राणही गेले. ज्यांना हिंदी शिकायची असते ते आपण होऊन शिकतात. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा गांधीजींच्या पुढाकाराने १९१८ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि तिच्या परीक्षांना आजही विद्यार्थी बसतात. पण भाजीच्या गाडीवरची बाई किंवा पन्नाशीचा रिक्षावाला ‘हिंदी तेरियादु’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा अगदी सरळ असतो : मला हिंदी येत नाही. काही जण तुटकपणे बोलतात, हे खरे आहे. काही रिक्षावाले परक्याला जास्त भाडे सांगतात, हेही खरे आहे, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. तरी एक प्रश्न स्वतःला विचारा. पुण्यातल्या दुकानात कोणी मराठीला हिंदीत उत्तर दिले, तर आपल्याला कसे वाटते? आपल्या गावात आपली भाषा चालावी ही इच्छा आपल्याला स्वाभाविक वाटते, आणि तीच इच्छा दुसऱ्याने धरली की ती आपल्याला आडमुठेपणा वाटू लागते.

तमिळ आपल्याला जितकी परकी वाटते तितकी ती नाही, हे मी अनुभवाने सांगते. ‘अक्का’, ‘अण्णा’, ‘अप्पा’ हे शब्द आपल्या घरात आहेत आणि त्यांच्याही. आपला ‘ळ’, ज्यापाशी हिंदीभाषक अडखळतात, तो तमिळमध्ये जागोजागी भेटतो. निघताना आपण ‘जाते’ असे म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तेही ‘पोय्ट्टु वरेन’ म्हणतात, म्हणजे ‘जाऊन येते’. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, ऐकणाऱ्याला सोबत धरणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा जो भेद मराठीत आहे आणि हिंदीत नाही, तो तमिळमध्येही आहे : ‘नाम’ म्हणजे आपण, ‘नांग’ म्हणजे आम्ही. सहा-सात महिन्यांनी शेजारणीने मला कोलमची, म्हणजे तिथल्या रांगोळीची, रेष दाखवताना ‘नांग’ऐवजी ‘नाम’ म्हटले आणि मला ते कळले, तो दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून माझी पहिली व्यावहारिक सूचना अशी की, लिपी आणि व्याकरण बाजूला ठेवून आधी पन्नास वाक्ये शिका, आणि त्यांतही आधी आकडे : ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु. ‘एव्वळवु’ म्हणजे किती, ‘एंगे’ म्हणजे कुठे, ‘पोदुम’ म्हणजे पुरे, ‘वेंडाम’ म्हणजे नको. ‘तमिळ कोंजम कोंजम तेरियुम’, थोडी थोडी तमिळ येते, हे एक वाक्य चुकतमाकत म्हटले तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. मोठ्यांशी बोलताना क्रियापदाला आदराचा ‘ंग’ लावायला विसरू नका. ‘वा’ म्हणजे ये आणि ‘वांग’ म्हणजे या. ‘अहो-जाहो’ची सवय असलेल्या मराठी माणसाला हे लवकर जमते. अक्षरे त्यानंतर शिका. व्यंजने १८ च आहेत; क, ख, ग, घ या सगळ्यांसाठी एकच अक्षर असल्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो, पण महिन्याभरात बसच्या पाट्या वाचता येऊ लागतात आणि परावलंबनाची भावना निम्मी होते.

कचेरीतल्या डब्याच्या वेळेबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मात्र मी हलके मानत नाही. टेबलाभोवती सगळे हसत असताना आपल्याला त्यातले काही कळू नये, हा एकटेपणा फार बोचतो. संपूर्ण टेबलाला उद्देशून तक्रार करू नका. त्यांच्यातली जी एक व्यक्ती तुम्हाला जरा जवळची वाटते, तिला एकदा निवांतपणे सांगा की मला गप्पांत यायचे आहे, अधूनमधून काय चालले आहे ते सांगत जा. बहुतेकदा माणसांच्या ते लक्षातच आलेले नसते. पुण्यातल्या सहा वर्षांत तुमच्या विभागात मराठी न येणारे कोणी होते का, आणि डब्याच्या वेळी तुम्ही सगळे कोणत्या भाषेत बोलत होतात, हेही आठवून पाहा. तुम्हाला दोषी ठरवण्यासाठी हे विचारत नाही. त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की सहकाऱ्यांच्या वागण्यात तुम्हाला जो नकार दिसतो, तो तितका ठाम राहत नाही.

आणि तो ओएमआर रस्ता. टायडेल पार्क हे आयटी संकुल २००० साली सुरू झाले आणि त्यानंतर या पट्ट्यात काचेच्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या. तिथे तुमच्यासारखेच बाहेरून आलेले लोक राहतात, जेवण बाहेरून मागवतात आणि शनिवार-रविवार मॉलमध्ये काढतात. तुम्ही तीन महिने चेन्नईत आहात असे म्हणता, पण पत्रात मरीनाची एक संध्याकाळ सोडली तर बाकी सगळे त्या रस्त्यावरचे आहे. पेरुंगुडी स्थानकावरून शहरी रेल्वे धरून एका शनिवारी सकाळी तिरुमयिलै स्थानकावर उतरा. कपालीश्वराचे देऊळ, त्याचे तळे आणि भोवतीच्या माड वीथी, म्हणजे देवळाला वेढणारे चार रस्ते, पायी फिरा. दारांपुढे सडा घालून तांदळाच्या पिठाने काढलेले कोलम दिसतील. मापाच्या ठिपक्यांभोवती एकही तुटक रेष न काढता हात कसा फिरतो हे पाहत मी अनेक सकाळी घालवल्या आहेत. एखाद्या लहानशा खानावळीत बसून डबरा-टंबलरमधली, म्हणजे पसरट वाटी आणि पेल्यातली, कॉफी घ्या. घाई करू नका, छायाचित्रेही कमी काढा.

घरातल्या गोष्टींबद्दल थोडक्यात सांगते. नळाचे खारट पाणी बोअरचे असणार. ते वापरायला ठेवा, प्यायला कॅन घ्या आणि इमारतीला पालिकेचे पाणी कोणत्या दिवशी येते ते विचारून घ्या. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव जवळजवळ कोरडे पडले होते, त्यामुळे पाण्याविषयी तिथल्या लोकांची शिस्त आपल्याला कंजूषपणा वाटली तरी ती अनुभवातून आलेली आहे. याउलट डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये शहरात पूर आला होता. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात हे बरे, पण त्या दोन्ही वेळी तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, हे ऑक्टोबरच्या आत विचारून ठेवा. भाकरी हवी असेल तर वाण्याकडे ‘चोळम मावु’ मागा, म्हणजे ज्वारीचे पीठ. पोहे म्हणजे ‘अवल’, साबुदाणा म्हणजे ‘जव्वरिसी’. पहिल्या भाकरीच्या वासाने माझे अर्धे दुखणे पळाले होते.

तुमच्या पत्राच्या मध्ये कुठेतरी एक वाक्य ओझरते आले आहे : ‘पुण्यातून निघताना मला कोणी विचारलेही नाही.’ मला वाटते, तुमच्या पत्रातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. बदली तुमच्यावर लादली गेली. त्याचा राग वरिष्ठांवर काढता आला नाही, म्हणून तो बिचाऱ्या शहरावर निघत असावा का, याचा शांतपणे विचार करा. हीच बदली तुम्हाला विचारून झाली असती, तर तोच उकाडा आणि तेच खारट पाणी तुम्हाला कसे वाटले असते? उत्तर ‘तितकेच वाईट’ असे आले, तर परतण्याचा विचार योग्य आहे. उत्तर ‘थोडे सुसह्य’ असे आले, तर तुमचे भांडण कंपनीच्या वागणुकीशी आहे, आणि पुण्यात परत गेल्याने ते मिटेलच असे नाही, कारण कंपनी तीच आहे. आपल्याला न विचारता निर्णय घेतला गेला, हे वरिष्ठांना लेखी, सौम्य शब्दांत कळवा. दोन्हींपैकी कोणताही निर्णय घेतलात तरी हे पत्र लिहायला हवे.

निर्णयाबद्दल माझे मत असे की, ऑगस्टमध्ये तो घेऊ नये. पुण्यातल्या विभागाकडे जानेवारीच्या मध्यापर्यंत, पोंगल होईपर्यंत, मुदत मागून पाहा. तोपर्यंत पाऊस येऊन जाईल, नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर मांडलेला बाहुल्यांचा गोलु पाहायला तुम्हाला कोणीतरी बोलावील, आणि डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी महिना सुरू होईल. त्या महिन्यातले चेन्नई तुम्ही ओळखणार नाही. हवा गार असते आणि सभागृहांमधून सकाळपासून रात्रीपर्यंत कर्नाटक संगीत चालते. म्युझिक अकादमी १९२८ पासून हा वसा चालवत आली आहे. दुपारच्या, नव्या कलावंतांच्या बऱ्याच मैफलींना तिकीट नसते. मैफलीच्या शेवटच्या भागात मराठी अभंग गाण्याची प्रथा आता चांगली रुळली आहे. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते आणि त्यांच्या आश्रयाने मराठी कीर्तन तिथल्या हरिकथेत मिसळले, त्याचा हा लांबवर पोहोचलेला धागा. आजूबाजूला कोणालाच मराठी येत नसताना सगळे सभागृह ‘विठ्ठल विठ्ठल’च्या गजराला टाळ्यांनी ताल धरते, तेव्हा काय वाटते हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

मुदत मिळाली नाही तर? मग शहराचा प्रश्न बाजूला ठेवून कामाकडे पाहा : कोणत्या जागी तुम्हाला शिकायला अधिक मिळेल, आईची प्रकृती कशी आहे, हाती किती पैसा उरतो. या कारणांसाठी पुण्याला परत गेलात, तर त्यात हरण्यासारखे काही नाही. बदली तुम्ही मागितलेली नव्हती, त्यामुळे ती निभावून दाखवण्याचे कर्जही तुमच्यावर नाही. फक्त ‘तिथली माणसे वाईट आहेत’ हे कारण सोबत घेऊन जाऊ नका, कारण तीन महिन्यांत तुम्ही त्यांतल्या फारच थोड्यांना भेटला आहात. रात्रीचे रडणे दोन-तीन आठवड्यांत कमी झाले नाही, झोप आणि भूक यांवर परिणाम होत राहिला, तर मात्र शहराची वा ऋतूची वाट न पाहता डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. बंगळुरू, हैदराबाद, कोची अशा शहरांत नव्याने गेलेल्या ज्या वाचकांची मला पत्रे येतात, त्यांनाही हे लागू आहे.

राहिल्या तुमच्या घरमालकीणबाई. त्या रोज जिन्यात थांबून ‘साप्टिया?’, म्हणजे ‘जेवलीस का?’, असे विचारतात आणि तुम्हाला ती चौकशी वाटते. तमिळ घरांत हा प्रश्न आपल्या ‘कशी आहेस?’च्या जागी येतो. कुठे जातेस, कोण आले होते, असे प्रश्न त्या विचारू लागल्या आणि ते नको वाटले, तर तसे स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण तुमच्या पत्रावरून त्यांनी जेवणापलीकडे काही विचारलेले दिसत नाही. तुमची पन्नास वाक्ये शिकवायला त्यांच्याइतकी जवळची शिक्षिका मिळणार नाही. उद्या संध्याकाळी जिन्यात त्या भेटल्या, की त्यांना पाट्टी म्हणा, म्हणजे आजी. ‘साप्टेन, पाट्टी’ असे उत्तर द्या आणि लगेच पुढे न जाता तिथेच थांबून विचारा, ‘नींग साप्टींगळा?’